कास पठाराचा फुलांचा हंगाम: शाळेची सहल न्यायची तर कशी न्यावी

समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढला की साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर कास पठार येतं. सातारा-सांगली पट्ट्यात मुलांना झाडापानांचं शास्त्र शिकवायला याहून चांगली जागा आम्हाला ठाऊक नाही. मात्र बस उभी करायची, रांगेत तासभर चालवायचं, फोटो काढायचे आणि ठोसेघरच्या धबधब्याकडे वळायचं अशी सहल असेल तर ती इथे आणू नये. मुलांच्या हाती काही लागत नाही आणि पठाराला मात्र पावलं सोसावी लागतात.

पठाराची उंची सुमारे १२०० मीटर आणि पसारा साधारण १० चौरस किलोमीटर. तेवढ्या जागेत फुलझाडांच्या ८५० हून अधिक जातींची नोंद आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कोयना, चांदोली, राधानगरी यांच्याबरोबर कासही आहे. तरीही ही बाग नव्हे. इथे वाफे नाहीत, माळी नाही, प्रत्येक रोपाशेजारी नावाची पाटी नाही. म्हणून इथे शिकवण्याचा सगळा भार वाटाड्यावर येतो, आणि सहल फळली की फसली हेही बव्हंशी त्याच्यावरच ठरतं.

वाटाडे आसपासच्या गावांतले तरुण आहेत. त्यांना फुलांची गावातली नावं तोंडपाठ असतात आणि ती नावंच निम्मा धडा शिकवतात. वायतुरा घ्या. डबक्यात उगवणाऱ्या या वनस्पतीचा तुरा वर जाऊन दोन फाट्यांत उघडतो, थेट इंग्रजी वाय अक्षरासारखा. हे नाव एकदा ऐकलेलं मूल ते विसरत नाही. तिच्या शास्त्रीय नावात, ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’मध्ये, साताऱ्याचं नाव आहे हे सांगितलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एक पथ्य मात्र पाळावं. गावातली नावं तालुका बदलला की बदलतात, म्हणून शिक्षकांनी वहीत शास्त्रीय नावही लिहून घ्यायला लावावं.

गडबड होते ती गटाच्या आकारामुळे. पन्नास मुलांमागे एक वाटाडा दिला की पुढच्या दहांना ऐकू येतं, मधले वीस वाकून बघेपर्यंत गट पुढे सरकलेला असतो आणि शेवटचे वीस नुसते चालतात. बारा-पंधरा मुलांमागे एक वाटाडा घ्यावा, आणि दोन तास हवेत हे आधीच ठरवावं. खर्च थोडा वाढतो, पण सहलीच्या एकूण खर्चात सगळ्यात सार्थकी लागणारा पैसा हाच. गाडीतून आणलेला भोंगा वापरू नये. फूल जमिनीलगत असतं, तेव्हा आवाज पुरा पडेल एवढाच गट करावा.

पहिला थांबा फुलांचा न घेता दगडाचा घ्यावा. पायाखाली जांभा आहे, त्यावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहतं आणि उन्हाळ्यात कातळ रखरखीत तापतो. मोठं झाड मूळ धरू शकत नाही. म्हणून चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होणारी छोटी रोपं इथे राज्य करतात. एवढं समजलं की वाट सोडून का जायचं नाही हे वेगळं बजावावं लागत नाही. बी पडायच्या आधी रोप तुडवलं गेलं तर त्या जागी पुढच्या वर्षी फूल कमी, एवढा साधा हिशेब आहे.

याच उथळ मातीत नत्र फार कमी. त्यावरची युक्ती म्हणजे कासचा सगळ्यात रंगतदार धडा. सीतेची आसवं हे निळं-जांभळं, नखाएवढं फूल हजारोंनी फुललेलं असतं. फोटो सगळे त्याचाच काढतात. पण खरी करामत मातीखाली असते. मुळांसारख्या धाग्यांवर बारीक पिशव्या असतात. रोप पिशवीतलं पाणी बाहेर काढत राहतं, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जातात. पाण्यातल्या एखाद्या सूक्ष्म जिवाचा झडपेजवळच्या केसाला धक्का लागला की झडप उघडते, पाण्याबरोबर तो जीव आत खेचला जातो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत झडप बंद. मातीत कमी पडणारं नत्र रोप त्या जिवातून मिळवतं. हे पठारावर दिसत नाही आणि रोप उपटून दाखवायचं तर अजिबात नाही. म्हणून शाळेतच आदल्या दिवशी फळ्यावर पिशवीची आकृती काढावी. ती न काढता नेलेल्या मुलांना ‘हे फूल किडे खातं’ एवढंच कळतं, आणि तेही चुकीचं, कारण फूल काहीच खात नाही.

दवबिंदू मात्र डोळ्यांनी दिसतो. त्याची एक जात सुईसारख्या उभ्या पानांची, दुसरी नाण्याएवढी चपटी, जमिनीला चिकटून. पानांवर तांबूस केस आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. पाऊस थांबून ऊन पडलं की ते चमकतात, आणि नीट पाहिलं तर एखादं चिलट अडकलेलं सापडतंच. इथे दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग हवं, चार मुलांत एक तरी. भिंग डोळ्याला अगदी लावून धरायचं आणि मग चेहरा रोपाकडे न्यायचा. मुलं हात लांब करून भिंग फुलावर धरतात आणि धूसर दिसतं म्हणून सोडून देतात. याचा सरावही शाळेत करून घ्यावा.

तेरड्याशी मुलांचं नातं आधीच असतं. गौरीला घरी आणतो तो तेरडा, आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण. पठारावर त्याचे भाईबंद गुलाबी रंगाने पसरलेले असतात, मधूनमधून गेंदाची पांढरी बटणं. सोनकी आणि कवल्याने पिवळा रंग चढतो तो नंतर. कवल्याच्या फुलावरचे दोन लाल ठिपके पाहून वाटाडे त्याला मिकी माऊस म्हणतात, आणि मुलांना तेच नाव जास्त आवडतं.

रंगाच्या गालिच्यांचे फोटो पाहून येणाऱ्यांची निराशा होते. ते फोटो गुडघ्याच्या उंचीवरून काढलेले असतात. उभ्याने पाहिलं तर अर्धी फुलं दिसतच नाहीत. यावर एक स्वस्त उपाय आहे. जाड पुठ्ठ्यात १० सेंटिमीटर बाजूची चौकोनी खिडकी कापावी, प्रत्येक जोडीला एक. वाटेच्या कडेला उकिडवं बसून खिडकी रोपांच्या वर धरायची आणि आत किती प्रकारची पानं दिसतात ते मोजायचं. कातळाच्या पापुद्र्याजवळ, डबक्याच्या काठाला आणि जरा खोल मातीवर अशी तीनदा मोजणी केली की जागा हातभर सरकली तरी वनस्पती कशा बदलतात ते मुलं स्वतः सांगतात.

हंगाम साधारण ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. तारीख पक्की धरता येत नाही. झोडपणारा पाऊस ओसरून चार दिवस ऊन-पावसाचा खेळ झाला की बहर येतो. चवर आणि हबेआमरी हे ऑर्किड पाहायचं असेल तर लवकर, पिवळा रंग पाहायचा असेल तर सप्टेंबरच्या उत्तरार्धात. कारवीच्या भरवशावर सहल ठरवू नये, ती सात वर्षांनी एकदा फुलते.

प्रवेशासाठी ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क आहे. शुल्क आणि वेळा त्या हंगामाच्या पाहून घ्याव्यात. सकाळची पहिली वेळ आणि मंगळवार ते गुरुवारमधला दिवस घ्यावा. शनिवार-रविवारी घाटातच दोन तास जाऊ शकतात. सांगलीहून साताराच सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे पाचला निघालं नाही तर पोहोचेपर्यंत दुपार होते आणि मुलं दमलेली असतात. सांगलीच्या शाळांनी साताऱ्यात मुक्काम केलेला बरा. गाडी वाहनतळावर थांबते, स्वच्छतागृह तिथेच वापरून घ्यावं. पठारावर वारा असा असतो की छत्री उलटते, रेनकोटच हवा. बूट पकड असलेले, कारण ओल्या कातळावर शेवाळ असतं. डबे खाली उतरून उघडावेत. घाट लागणाऱ्या मुलांना सकाळी भरपेट नाश्ता देऊ नये. धुकं उतरलं तर दहा फुटांवरचं दिसत नाही, पण भिंगाचं काम धुक्यातही थांबत नाही.

पाय भक्कम असलेल्या आठवी-नववीच्या मुलांना राजमार्ग या पठारावरच्या जुन्या वाटेने कुमुदिनी तलावापर्यंत चालवावं. पाण्यावर तरंगणारी पानं पाहून सगळे कमळ म्हणतात. जवळून पाहिलं की पांढऱ्या पाकळ्यांना झालर दिसते आणि मध्ये पिवळा ठिपका. मोठ्या मुलांसाठी आणखी एक विषय आहे. पठाराला घातलेली तारेची जाळी पुढे काढली गेली. गुरं चरण्याने फुलांचं नुकसान होतं, की चराई थांबली म्हणून गवत माजून फुलं दबतात, यावर मुलांना तिथेच दोन बाजूंनी बोलायला लावावं. याच परिसरातल्या कास तलावातून साताऱ्याला पिण्याचं पाणी येतं, हेही तेव्हाच दाखवावं.

आणि जमलं तर त्याच वर्गाला ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा आणावं. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, गवत पिवळं पडत असतं. वाटेच्या कडेला तेरड्याची एखादी फुगलेली शेंग मिळाली तर वाटाड्याला विचारून एका मुलाला तिच्यावर हलकंसं बोट टेकवू द्यावं. शेंग तडकते, तिच्या पाकळ्या गुंडाळल्या जातात आणि बी हातभर लांब उडतं.