पेपरात नोकरी, रोजची स्ट्रिप की दिवाळी अंक?

व्यंगचित्रांवर पोट भरायचं म्हणणाऱ्या पुण्यातल्या मुलामुलींपुढे तीन वाटा आहेत. पेपरात पगारी व्यंगचित्रकार व्हायचं, बाहेर राहून एखादी रोजची चित्रमालिका (म्हणजे त्याच पात्रांची रोज एक स्ट्रिप) चालवायची, किंवा दुसरीकडे नोकरी करत दिवाळी अंक, मुखपृष्ठं आणि प्रदर्शनं यांवर नाव कमवायचं. तिन्हींचे दाखले गावातच सापडतात. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त हयात घालवलेले आर. के. लक्ष्मण शेवटची वर्षं पुण्यात राहिले आणि २६ जानेवारी २०१५ रोजी इथेच गेले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१ मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. आणि ‘हंस’, ‘मोहिनी’ या मासिकांची मुखपृष्ठं गाजवणारे शि. द. फडणीस पुण्याचेच. चित्रं सगळ्यांचीच उत्तम. रोजचा दिवस मात्र प्रत्येकाचा निराळा. निवड करायची ती त्या दिवसाची.

दिवस कसा जातो

पगारी माणसाचा दिवस बातमीवर चालतो. सकाळी चार-पाच पेपर वाचायचे, दुपारच्या बैठकीत कान उघडे ठेवायचे, संध्याकाळी दोन-तीन कच्ची रेखाटनं संपादकांपुढे ठेवायची आणि पसंत पडलेलं पक्कं करायचं. डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची पानं शहर आवृत्तीच्या आधी सुटतात, त्यामुळे हातात वेळ असतो तो फार तर दोन तासांचा. नेमका त्याच सुमारास कुणीतरी राजीनामा देतो आणि काढलेलं चित्र शिळं होतं. म्हणून ड्रॉवरमध्ये चार-पाच राखीव चित्रं हवीतच: खड्डे, पाणीकपात, पीएमपी बसमधली गर्दी. पुण्यात हे विषय शिळे होत नाहीत, तेवढीच सोय.

दुसरी अडचण धोरणाची. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे एके काळी मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये होते आणि दोघांनीही तो पेपर सोडला. कम्युनिस्टांची टिंगल करू नका असं सांगितलं गेल्यावर लक्ष्मण बाहेर पडले. ठाकऱ्यांनी १९६० मध्ये स्वतःचं ‘मार्मिक’ साप्ताहिकच काढलं. मालकाचं धोरण आणि तुमची रेघ कधी ना कधी आडवी येणार, हे धरूनच नोकरी घ्यायची. जुळलं तर मात्र लांब पल्ला मिळतो. लक्ष्मणांचं ‘यू सेड इट’ हे रोजचं छोटं व्यंगचित्र १९५१ मध्ये सुरू झालं आणि पन्नासहून अधिक वर्षं चाललं.

चित्रमालिकेचा दिवस पात्रांवर चालतो. बातमीची घाई नाही, पण सुट्टीही नाही. आठवड्याला सहा म्हटलं तरी वर्षाला तीनशेच्या वर स्ट्रिप्स होतात. सहा छापण्याजोग्या निघायच्या तर पंधरा-वीस कल्पना कागदावर उतरवाव्या लागतात. बहुतेकांची दमछाक इथे होते. हात थकायच्या आधी डोकं थकतं. अमेरिकेत चार्ल्स शुल्झ यांनी ‘पीनट्स’च्या १७,८९७ स्ट्रिप्स हाताखाली चित्रकार न ठेवता काढल्या आणि जवळजवळ पन्नास वर्षांत मोठी रजा घेतली ती एकदाच, १९९७ मध्ये, पाच आठवड्यांची. ‘कॅल्विन अँड हॉब्ज’च्या बिल वॉटरसनना दहा वर्षांत नऊ-नऊ महिन्यांच्या दोन रजा घ्याव्या लागल्या आणि ३१ डिसेंबर १९९५ ला त्यांनी मालिकाच थांबवली. जिम डेव्हिस यांनी ‘गारफिल्ड’साठी १९८१ मध्ये कंपनी काढून काम वाटून दिलं. ‘चिंटू’च्या जोडीत रेषा पंडितांची आणि कल्पनेला दोन डोकी. मराठीत रोजची मालिका काढायची असेल तर आमचं मत जोडीदार शोधण्याच्या बाजूने आहे, मग मानधन निम्मं झालं तरी चालेल.

महिनाभराच्या तयार स्ट्रिप्सचा साठा हाताशी ठेवावा. चोवीसपेक्षा कमी उरला की धोक्याची घंटा. सणांच्या स्ट्रिप्स करताना पंचांग उघडं ठेवा. अधिक महिना आला की गणपती मागच्या वर्षापेक्षा अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात, पालखीही सरकते. आणि ७ जूनला पहिल्या पावसात भिजणारं पात्र छापून आलं, बाहेर मात्र रखरखीत ऊन, असं हमखास घडतं. पावसाच्या स्ट्रिप्सवर तारीख टाकूच नका. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि उपसंपादकाला ‘पाऊस पडला की लावा’ असं सांगा.

तिसऱ्या वाटेचा दिवस शांत, वर्ष मात्र धावपळीचं. दिवाळी अंकांची बोलणी उन्हाळ्यात सुरू होतात, चित्रं पावसाळ्यात द्यायची असतात, मुखपृष्ठ त्याहून आधी. एकदम तीस-चाळीस हास्यचित्रं मागणारे महिने येतात आणि मग थंडीत हाताला काम नसतं. व्यंगचित्रकार वसंत सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते. ती नोकरी सांभाळून त्यांनी ‘ललित’ मासिकाची मुखपृष्ठं आणि पुलंच्या पुस्तकांची चित्रं केली. मंगेश तेंडुलकरांनी पुण्याच्या वाहतुकीवरची व्यंगचित्रं थेट चौकात उभं राहून लोकांच्या हातात दिली. हे स्वातंत्र्य पहिल्या दोन वाटांवर मिळत नाही.

कागदावर काय बिघडतं

तिन्ही वाटांना लागू पडणारी आणि कला महाविद्यालयात फारशी न शिकवली जाणारी गोष्ट म्हणजे वृत्तपत्राचा कागद. तो शाई पितो. रेघ जाड होते आणि बारीक पांढऱ्या जागा बुजतात.

मूळ चित्र छपाईच्या दुप्पट काढायची पद्धत सोयीची. स्ट्रिप सोळा सेंटिमीटर रुंद छापली जाणार असेल तर बत्तीस सेंटिमीटरवर काढा. मग ०.२ मिलिमीटरच्या पेनची रेघ छापताना ०.१ होते आणि मधूनच तुटते, ०.४ पासून वरची पेनं वापरा, किंवा निब आणि इंडियन इंक. अप्पा बळवंत चौकात दोन्ही मिळतात. काळा भाग फक्त काळ्या शाईचाच ठेवा. संगणकावर चारही रंग मिसळून केलेला ‘गडद काळा’ पेपरात जातो तेव्हा छपाईच्या प्लेटा केसभर सरकल्या तरी अक्षरांना लाल-निळी किनार येते.

सर्वांत जास्त घात करतात ती अक्षरं. रोमन लिपीच्या वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. चित्र लहान झालं की अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेला चिकटतो, ऱ्हस्व-दीर्घ उकार सारखेच दिसतात आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. उपाय साधा आहे. छापल्यावर शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत किमान अडीच मिलिमीटर उंची राहील असं लिहा, म्हणजे मूळ चित्रात पाच. दोन ओळींत तेवढीच मोकळी जागा सोडा. आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा; उलटं केलं की शेवटचा शब्द कोंबावा लागतो. एका चौकटीत दहा-बारा शब्द पुरेत. पॉकेट कार्टूनला, म्हणजे एका कॉलमात बसणाऱ्या छोट्या चित्राला, जेमतेम चार सेंटिमीटर रुंदी असते, तिथे ओळ एकच, फार तर दोन.

स्कॅन ६०० डीपीआयवर करा. मजकूर संगणकावर टाइप केला असेल तर फॉन्टचं आउटलाइन करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्र करूनच, फाइल पाठवा. तुमच्याकडे युनिकोड फॉन्ट आणि पान लावणाऱ्याकडे वेगळ्या पद्धतीची श्रीलिपी, अशा जोडीत रात्री साडेनऊला जोडाक्षरं फुटतात आणि फुग्यात भलतंच काहीतरी छापलं जातं. दुरुस्तीला तेव्हा कुणी फोन करत नाही.

फडणीसांसारखी शब्दविरहित चित्रं काढणाऱ्याला यातलं निम्मं दुखणंच नाही. शिवाय ती भाषेच्या पलीकडे विकली जातात आणि लवकर जुनी होत नाहीत. मात्र कल्पना तितकी घट्ट असावी लागते. दुबळ्या कल्पनेला सावरायला संवाद नसतो.

हक्क आणि पैसा

मानधनाचा आकडा पेपरागणिक बदलतो. त्याहून महत्त्वाचं आहे चित्राची मालकी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ नुसार पगारी नोकरीत पेपरसाठी काढलेल्या चित्राचा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. वेगळा करार नसेल तर बाकीचे हक्क, म्हणजे पुस्तक, कॅलेंडर, मग, चित्रपट, तुमचेच. नेमणूकपत्रात हे सगळं एका ओळीत काढून घेतलेलं असू शकतं, तेव्हा ती ओळ शोधा. बाहेरून मालिका देणाऱ्याकडे हक्क मुळातच राहतो. पण कुणी पैसे देऊन मुद्दाम पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, तर तेच कलम पहिली मालकी करून घेणाऱ्याला देतं, म्हणून मुखपृष्ठाच्या कामात ‘एकदा छापण्याचा हक्क’ एवढं तरी ईमेलवर लिहून घ्या. हक्क दिलेच तर कलम १९ प्रमाणे करार लेखी हवा. त्यात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश नसेल तर भारत.

परदेशातल्या यशोगाथा वाचून हिशेब करू नका. तिकडे सिंडिकेट, म्हणजे वितरण करणारी कंपनी, एकच मालिका शेकडो पेपरांना विकते आणि उत्पन्न बहुधा निम्मं-निम्मं वाटलं जातं. ‘गारफिल्ड’ १९७८ मध्ये पहिल्याच दिवशी ४१ पेपरांत होतं. मराठीत एका पेपरचं मानधन म्हणजे एका पेपरचंच. मालिकेचा खरा पैसा पुढे पुस्तकांतून येतो, क्वचित पडद्यावरून. ‘चिंटू’वर २०१२ मध्ये चित्रपट निघाला. म्हणून पात्राचं नाव आणि हक्क सोडायचे नाहीत.

दिवाळी अंकांचे पैसे बऱ्याचदा अंक विकून झाल्यावर, म्हणजे नव्या वर्षात येतात. काही ठिकाणी नुसती प्रत येते. चित्र पसंत पडल्यावर देणार की छापल्यावर, हे आधी विचारा. व्यावसायिक शुल्कातून साधारण दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. आयकर विवरणपत्र भरलं नाही तर तो तिथेच राहतो.

मग घ्यायचं काय

राजकारणाच्या बातम्या तुम्ही एरवीही दिवसभर चघळत असाल आणि संपादकाने तीनपैकी दोन रेखाटनं नाकारली तरी झोप लागत असेल, तर नोकरी घ्या. जागा मोजक्या आहेत, मिळाली तर सोडू नका. ज्याला एकट्यानेच काम करायला आवडतं आणि ज्याची चित्रं बातमीशिवाय उभी राहतात, त्याने दुसरी नोकरी धरून दिवाळी अंकांकडे जावं. आमच्या मते बहुतेकांनी सुरुवात इथूनच करावी. घरभाडं चित्रावर अवलंबून नसलं की चित्र बरं होतं.

रोजच्या मालिकेचा निर्णय मात्र आधी परीक्षा घेऊन करा. दहा आठवडे, आठवड्याला सहा, अशा साठ स्ट्रिप्स काढा. कुणाला दाखवू नका. नवव्या आठवड्यातली स्ट्रिप दुसऱ्या आठवड्यातल्या विनोदाचीच फिरवाफिरव वाटली, तर पात्रं कमी पडताहेत. एखादं कटकटं पात्र वाढवा आणि पुन्हा दहा आठवडे. पार पडलात तर त्यातल्या उत्तम चोवीस, छापील आकारात, साध्या कागदावर प्रिंट काढून पुरवणीच्या संपादकांकडे न्या. बातमीला चिकटलेली एकही नको. आणि ‘रविवारपुरतं करता का?’ असं ते म्हणाले तर नाराज होऊ नका. आठवड्याला एक स्ट्रिप वर्षभर वेळेवर देणाऱ्यालाच पुढे रोजची जागा मागता येते.