ज्वारीच्या १८४ लाइन्सचं जीनोटायपिंग बाहेरच्या लॅबकडून करून घेतलं, त्याचा अनुभव

माझी पीएचडी रब्बी ज्वारीवर चालू आहे आणि यावेळी जीनोटायपिंग, म्हणजे डीएनएवरच्या ठरावीक जागी कुठलं अक्षर आहे ते वाचणं, एका प्रायव्हेट लॅबकडून करून घेतलं. लॅबचं नाव लिहीत नाही, चूक झाली होती पण त्यांनी ती निस्तरून दिली, मात्र यंदा ज्यांचे सॅम्पल जाणार आहेत त्यांना हे आधी माहीत असायलाच पाहिजे म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी काम काय होतं ते. आम्ही मंगळवेढ्याकडचे, घरी पिढ्यान्‌पिढ्या मालदांडी. एम ३५-१ म्हणजे मोहोळला निवड करून काढलेली तीच मालदांडी, भाकरीला आणि कडब्याला तिच्यासारखी दुसरी नाही, पण दाणा भरायच्या टायमाला जमिनीतली ओल संपली की खालून पानं करपत येतात, ताटाला खडखड्या रोग धरतो आणि उभं रान आडवं होतं. आण्णांचं एकच म्हणणं, बाई बाकीचं राहू दे, ताट काढणीपर्यंत उभं राहील एवढं बघ. म्हणून मालदांडी आणि बी३५ असा क्रॉस घेतला आणि दर पिढीला कणसावर पिशवी घालून, स्वतःच्याच परागावर सातव्या पिढीपर्यंत नेऊन त्यातून १८४ लाइन्स केल्या. बी३५ इथिओपियाच्या ज्वारीतून आलेली लाइन आहे, फुलोऱ्यानंतर पाणी तुटलं तरी पानं हिरवी राहतात, त्याला स्टे-ग्रीन म्हणतात. हा गुण एका जीनचा नाही, त्याच्या चार मोठ्या जागा माहीत आहेत, एसटीजी१ आणि एसटीजी२ तीन नंबरच्या क्रोमोसोमवर, एसटीजी३ दोनवर आणि एसटीजी४ पाचवर. माझ्या लाइन्समध्ये यातला कुठला तुकडा आईकडून आला कुठला बापाकडून, आणि ज्यांच्यात बी३५ चा तुकडा आहे त्या शेतात खरंच हिरव्या राहतात का, हे बघायचं होतं.

लॅबचं किट एकदम चांगलं. ९६ खणांची प्लेट (आडव्या ओळी ए ते एच, उभे रकाने १ ते १२), पानाची चकती कापायचा पंच, सिलिका जेल, आणि काय कसं करायचं त्याचा कागद. तीन आठवड्यांच्या रोपाचं पान घ्यायचं, पण ऑक्टोबरात सकाळी पानांवर दहिवर असतं, तसंच पंच केलं तर चकती ओली राहून काळी पडते, मी प्रत्येक पान टिश्यूने पुसून घेतलं आणि पंच दरवेळी स्पिरिटने. दोन प्लेट झाल्या, प्रत्येकीत ९२ लाइन्स, सुरुवातीला ए१ ला मालदांडी, बी१ ला बी३५, सी१ ला दोघींच्या क्रॉसचं पहिल्या पिढीचं रोप, आणि शेवटचा एच१२ रिकामा. हा रिकामा खण पुढे किती कामाला येणार याची तेव्हा कल्पना नव्हती.

रिपोर्ट सहा आठवड्यांत देतो म्हणाले होते, आला दहाव्या आठवड्यात, फोन केला की "रनला लावलंय मॅडम" एवढंच उत्तर. याचे मार्क कापले. दुसरं म्हणजे रिपोर्टच्या पहिल्या पानावर एसएनपीचा, म्हणजे डीएनएत एका अक्षराचा फरक असू शकतो अशा जागांचा (मार्करचा), मोठा आकडा असतो त्याला भुलू नका. मालदांडी ज्वारीच्या दुर्रा नावाच्या गटातली आणि बी३५ चं मूळही दुर्रातलंच, त्यामुळे ढीगभर मार्करवर दोघींचं अक्षर सारखंच निघतं आणि सारखं असलं की मॅपिंगला, म्हणजे गुण कुठल्या क्रोमोसोमवर कुठे बसलाय ते शोधायला, त्याचा उपयोग शून्य. पैसे भरायच्या आधी फक्त दोन पालक लाइन्स पाठवून त्यांच्यात फरक दाखवणारे मार्कर किती ते विचारा, मी हे केलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. डेटा आला, शेतातला हिरवेपणाचा स्कोअर जोडला, मॅपिंग चालवलं आणि ग्राफ सपाट. शिखर किती पक्कं ते एलओडी या आकड्यात मोजतात, एलओडी ३ म्हणजे हजारास एक, तिथपर्यंत एकही शिखर पोचेना. तीन आठवडे मला वाटत होतं की माझा स्कोअरच चुकलाय, कारण भर उन्हात दोन सिझन पानं मोजलेली मी, एकटीने. मग एका रात्री सहज दोन नंबरच्या प्लेटची फाइल खणवार उघडली. ए१ मध्ये काहीच रीडिंग नाही. एच१२, जो रिकामा पाहिजे, तिथे हुबेहूब मालदांडी. जी१२ ला बी३५. आणि एफ१२ ला जिथे पालकांत फरक आहे अशा जवळजवळ प्रत्येक मार्करवर दोन्ही अक्षरं एकत्र. सातव्या पिढीच्या लाइनमध्ये दोन्ही अक्षरं दीड टक्क्याच्या आसपासच दिसायला पाहिजेत, म्हणजे ते क्रॉसचं रोप, सी१ चं. अख्खी प्लेट मशीनवर उलटी फिरवून ठेवली गेली होती, माझ्या ९२ लाइन्सना एकमेकींची माहिती चिकटलेली.

लॅबला कळवलं तर आधी सरळ नाही म्हणाले, तुम्हीच भरताना उलटी भरली असेल. माझ्याकडे भरतानाचे फोटो होते, कोपऱ्यावरच्या खुणेसकट, ते पाठवल्यावर चार दिवसांत दुरुस्त फाइल आणि माफीचा मेल, वर पन्नास एक सॅम्पल फुकट पुन्हा तपासून दिले, ते सगळे जुळले. मग पुन्हा मॅपिंग चालवलं आणि तीन नंबरच्या क्रोमोसोमवर, एसटीजी१ आणि एसटीजी२ जिथे आहेत त्याच पट्ट्यात, शिखर उभं राहिलं. मी हॉस्टेलच्या खोलीत अक्षरशः रडले. आण्णांना फोन केला तर म्हणाले, मंग आता बी कधी देतीस.

दोन लाइन्समध्ये मात्र दोन्ही अक्षरं भरपूर निघाली, त्यात लॅबचा दोष नाही, आमच्याच कणसांवरच्या बटर पेपरच्या पिशव्या वाऱ्याने फाटल्या होत्या आणि परका पराग आत गेला, त्या काढून टाकल्या.

रेटिंग पाचपैकी साडेतीन. मार्करचं वाचन पक्कं, किट चांगलं, चूक कबूल केल्यावर वागणं नीट, वेळ पाळत नाहीत. पुढचं काम त्यांनाच देतेय, बॅकक्रॉसच्या, म्हणजे पुन्हा पालकाशी क्रॉस केलेल्या, रोपांत फक्त एसटीजीच्या जागा तपासायच्या आहेत. यावेळी रिकामे खण दोन ठेवलेत, पहिल्या प्लेटला डी७ आणि बी३, दुसरीला वेगळेच, आणि कुठले ते त्यांना सांगितलेलं नाही.