मेघदूत ॲप: मी ते वाऱ्यासाठी उघडतो

हवामानाच्या कुठल्याही ॲपचं नाव पारावर काढा, उत्तर ठरलेलं: "पाऊस सांगतात, पडत नाही." मी मेघदूत पावसासाठी उघडतच नाही. उघडतो ते वाऱ्यासाठी, आणि त्या कामाला ते झकास आहे.

ॲप सरकारी, फुकट, २०१९ पासूनचं. हवामान विभाग, पुण्याची आयआयटीएम (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी मिळून काढलेलं. जिल्हा निवडला की पुढच्या पाच दिवसांचं तापमान, पाऊस, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा दिसते. मंगळवारी आणि शुक्रवारी पिकांचा सल्ला येतो, मराठीत.

तर वारा. माझ्या विहिरीवर ऊस, पूर्वेच्या बांधाला चुलत्यांची कपाशी. उसातल्या रुंद पानाच्या तणाला टू-फोर-डी हे तणनाशक मारतात, आणि कपाशीला त्याचा नुसता फवारा उडून लागला तरी पानं भेंडीच्या पानासारखी होतात. मग भाऊबंदकी वेगळी फवारावी लागत नाही. तक्त्यात दिशा अंशांत असते: ९० म्हणजे पूर्वेकडून येणारा वारा, २७० म्हणजे पश्चिमेकडून येणारा. पावसाळ्यात मराठवाड्यात बहुतेक दिवस पश्चिमेचाच, म्हणजे सरळ चुलत्यांच्या रानात. २७० च्या आसपास आकडा आणि वेग ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर, की फवारणीचा पंप घरी. अर्थात दिवसाला एकच आकडा असतो, त्यामुळे बांधावर जाऊन चिमूटभर माती उडवून बघतोच.

तात्या अजून पंचांगात नक्षत्राचं वाहन बघतात. बेडूक आलं की खूश, गाढव आलं की चिंता. पण फवारणीच्या आदल्या रात्री मलाच विचारतात, "वारं काय म्हणतंय रे?"

आर्द्रतेकडेही कुणी बघत नाही. सोयाबीन काढलेलं असताना सकाळची आर्द्रता नव्वदच्या पुढे दिसली तर मळणीयंत्रवाल्याला सकाळी बोलवायचंच नाही. शेंगा सादळलेल्या असतात, दाणे नीट सुटत नाहीत.

पावसाचं म्हणाल, तर अंदाज जिल्ह्याचा. जुलैत एका शिवारात ओढा वाहतो आणि पलीकडच्या गावात धुरळा, हे कुठल्याही जिल्ह्याच्या आकड्यात बसणार नाही. तालुक्याचा सल्ला तयार करणारी जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, ती २०२४ च्या सुरुवातीला बंद केली. हा निर्णय मला अजून पटलेला नाही.

पेरणीपुरता मात्र मी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा जुनाच सल्ला धरतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ नाही. तो पाऊस मात्र स्वतःच्या रानातला हवा, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापक केंद्रावरचा नव्हे. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवायचा, सकाळी पट्टी घालून मोजायचं आणि भिंतीवर लिहून ठेवायचं.

विजेसाठी वेगळं ॲप घ्या, दामिनी, तेही आयआयटीएमचंच. आपल्या जागेपासून वीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर कळवतं. त्यासाठी मोबाइलचं लोकेशन चालू हवं. बॅटरी वाचवायला ते बंद करून रानात जाणारे बरेच आहेत.