मॉडेल रेल्वेच्या डोंगरासाठी औषधाच्या दुकानातलं पीओपी बँडेज: कुठे चालतं, कुठे फसतं

मोडलेल्या हाताला गुंडाळतात तेच पीओपी बँडेज मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरच्या, म्हणजे रूळ-देखाव्याच्या मांडणीतल्या, डोंगरालाही चालतं. परदेशी सीनरी ब्रँड 'प्लास्टर क्लॉथ' म्हणून विकतात त्यातही माल हाच असतो, जाळीदार कापडावर बसवलेली प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी. भावात मात्र बराच फरक पडतो. ठाण्यात किंवा वाशीत हाडांच्या दवाखान्याशेजारच्या औषधाच्या दुकानात ते सहसा मिळून जातं. नुसतं 'बँडेज' मागितलंत तर क्रेप बँडेज हातात येईल, म्हणून 'पीओपी, 15 सेंटिमीटर' असं स्पष्ट सांगा. 'कुणाला लागलंय?' या प्रश्नाचीही तयारी ठेवा. त्याऐवजी फायबरग्लासचं कास्ट देऊ केलं तर घेऊ नका. त्यातलं रेझिन हाताला चिकटतं, आणि एकदा घट्ट झालं की ते कोरता येत नाही.

15 सेमी रुंद आणि 2.7 मीटर लांब रोल घ्यावा. 10 सेमीच्या रोलमध्ये जोडच फार येतात. 60 × 60 सेमी तळाच्या आणि 30 सेमी उंच डोंगराचा पृष्ठभाग अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास भरतो. दोन थर आणि प्रत्येक पट्टी शेजारचीवर एक तृतीयांश चढवायची, असा हिशोब धरला तर चार रोल लागतात. पाचवा बोगद्याच्या तोंडासाठी ठेवा, कारण गाडी रुळावरून घसरली की हात तिथेच आपटतो आणि कडा तिथेच तुटते. एका थरावर भागवू नका. बोटाने दाबलं तरी तो तडकतो.

आतला सांगाडा पुठ्ठ्याच्या पट्ट्या ग्लू गनने आडव्या-उभ्या चिकटवून करावा आणि पोकळ्यांत रद्दीचे बोळे कोंबावेत. खिडकीची उरलेली फायबरची मच्छरजाळी वरून ताणली तर आणखी चांगलं. साधी लोखंडी जाळी मात्र टाळा. ओल्या प्लास्टरखाली ती गंजते आणि रंगाच्या वर तांबडे डाग उमटतात. बँडेज लावण्याआधी रुळांवर मास्किंग टेप हवीच. प्लास्टरचा एक थेंब सांध्यात वाळला की पॉइंटची, म्हणजे रूळ बदलणाऱ्या सांध्याची, पाती हलत नाही.

पट्ट्या कोरड्या असतानाच 15 ते 20 सेमीच्या कापून, पाण्यापासून दूर ठेवा. पट्टी दोन्ही टोकांना धरून पाण्यात बुडवायची, दोनेक सेकंदांत उचलायची, निथळू द्यायची. पिळायची नाही. पिळली की प्लास्टर पाण्यात जातं आणि हातात नुसतं गॉज उरतं. सांगाड्यावर टाकल्यावर ओल्या बोटाने गोल गोल चोळा. जाळीची भोकं प्लास्टरने भरून दिसेनाशी होईपर्यंत चोळायचं. इथे आळस केला तर रंगानंतर डोंगरभर चौकटी दिसतात, आणि गवताची पावडरही त्या झाकत नाही. पाणी गढूळ झालं की बदला, कारण त्यात उरलेल्या जुन्या प्लास्टरमुळे नवी पट्टी हातातच आवळायला लागते. ते पाणी बेसिनमध्ये मात्र ओतू नका. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होतं, आणि तुंबलेल्या पाइपचा वाद सोसायटीच्या मीटिंगपर्यंत जातो. बादली रात्रभर तशीच ठेवा, वरचं पाणी काढा आणि खालचा गाळ कचऱ्यात टाका.

बँडेजची खरी अडचण आपल्या हवेत आहे. घट्ट होणं ही रासायनिक क्रिया आहे, काही मिनिटांत उरकते. वाळणं हे वेगळं काम. थंडीत एक-दोन दिवसांत डोंगर खडखडीत होतो, जुलैत ठाण्याच्या बंद खोलीत आठवडाही पुरत नाही. ओलावा असताना रंग दिला तर पापुद्रे सुटतात आणि आत रद्दी असेल तर बुरशी धरते. पावसाळ्यात सांगाडा, वायरिंग, बोगद्याची तोंडं उरका. बँडेज दिवाळीनंतर लावा.

उतारांना, टेकाडांना, बोगद्यावरच्या माथ्याला हे बँडेज उत्तम. कड्यांना अजिबात नाही, आणि सह्याद्री तर कड्यांचाच. ठाण्याहून स्लो लोकलने मुंब्र्याकडे जाताना वरचा डोंगर बघा: बेसॉल्टचे आडवे थर, मध्ये उतरती पायरी, पुन्हा उभा कडा. बँडेज टाकलं की सगळं गोलाकार होतं, पांघरूण टाकल्यासारखं. परदेशी रबरी साच्यांतून ओतलेले खडकही इथे बहुधा विजोड दिसतात, कारण त्यांत उभ्या भेगांचे आणि तुटक कडांचे नमुने जास्त. कड्यासाठी एक्सपीएसच्या, म्हणजे दाट फोमच्या, 25 मिमी पाट्या आडव्या रचा आणि पुढची कड कटरने ओबडधोबड तोडा. वरून फॉल्स सीलिंगवाल्यांचं पीओपी पातळ करून ब्रशने फासा. मण्यांचा थर्माकोल नको. त्याचे मणी स्थिर विजेने सगळीकडे चिकटतात, इंजिनाच्या गिअरमध्येही जातात. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. फोमला फेविकॉल चालतो, फक्त दोन पाट्यांच्या मधोमध तो वाळायला फार वेळ घेतो, म्हणून कडेकडेने लावा आणि वर वजन ठेवा. सॉल्व्हंटवाला रबरी गोंद आणि स्प्रे पेंट फोम खातात.

प्रमाणाचं गणित आधी मांडा. एचओ या मॉडेलच्या प्रमाणात, म्हणजे 1:87 मध्ये, 10 मीटरचा कडा 11.5 सेमी होतो. 45 सेमीचा डोंगर प्रत्यक्षात जेमतेम 39 मीटर. म्हणून कड्याचे आडवे थर 4-5 सेमीचेच ठेवा, डोळा तेवढं मान्य करतो. बोरघाटाची 1:37 चढण हुबेहूब घेतली तर 10 सेमी चढायला 3.7 मीटर रूळ लागतो. बेडरूममध्ये रूळ सपाट ठेवून डोंगरच वर चढवणं बरं. बोगद्यात रुळापासून 75 ते 80 मिमी उंची सोडा. वळणावर सर्वांत लांब डबा हाताने ढकलून पाहा. एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचा लांब प्रवासी डबा, या प्रमाणात 27 सेमी भरतो आणि त्याचा मधला भाग आतल्या भिंतीला घासतो. डोंगराच्या मागे कोपर जाईल एवढी खिडकी ठेवलीत तरच घसरलेला डबा बाहेर निघेल.

रंगाआधी हार्डवेअरच्या दुकानातला काळा आणि थोडा लाल ऑक्साइड शेवटच्या थराच्या प्लास्टरमध्येच मिसळा. पुढे कुठे टवका उडाला तर पांढरं दिसत नाही. नंतर पातळ ॲक्रिलिकचे हात द्या, पहिला करडा-तपकिरी. शुद्ध काळा देऊ नका, प्लास्टर तो झटकन शोषतं आणि मागे फिरता येत नाही.

उरलेला रोल पाकिटासकट हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. वापरण्याआधी एक तुकडा भिजवून बघा. दहा-पंधरा मिनिटांत आवळला नाही, तर त्या रोलने हवेतलं पाणी आधीच पिऊन टाकलंय, तो फेकून द्या.