ईएल८४ आणि ईसीसी८३: तीन महिने आलटून पालटून ऐकलेले व्हॉल्व्ह, आणि बीईएलची जुनी जोडी

आधी अँप (अँप्लिफायर) कुठला ते सांगतो, कारण ते न सांगता कुठला व्हॉल्व्ह (आवाज वाढवणारी काचेची निर्वात नळी) गोड वाजतो वगैरे बोलण्यात काही अर्थ नाही. माझा स्टिरिओ आहे, पुश-पुल (म्हणजे प्रत्येक चॅनलला दोन आउटपुट व्हॉल्व्ह आलटून पालटून जोर लावतात), स्पीकर चालवायला आउटपुटला चार ईएल८४ आणि त्यांच्या आधी सिग्नल वाढवायला तीन ईसीसी८३, एका चॅनलला साधारण दहा वॉट. पुण्यातल्या एका काकांनी बनवून दिलाय, आयुष्यभर रेडिओ दुरुस्ती केलेला माणूस, आउटपुट ट्रान्सफॉर्मरसुद्धा त्यांनीच वाइंड केलेत. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचा नाही, डायोडचा आहे त्यामुळे तो विषय इथे येत नाही. अँप देताना काका म्हणाले होते, "काचेवरचं नाव नंतर वाच रे, आधी मीटर लाव."

ऐकायला काय लावलं तेही सांगतो. ख्यालाची एक जुनी एलपी आहे माझ्याकडे, सुरुवातीला जवळजवळ अर्धा मिनिट नुसता तानपुरा आहे. व्हॉल्व्ह तपासायला तानपुऱ्यासारखी दुसरी गोष्ट नाही असं माझं मत झालंय. जवारी नीट लागलेली असेल तर तारेच्या मूळ सुरावर जे बारीक सूर उमलत जातात ना, ते एक तर ऐकू येतात किंवा त्याची नुसती झिणझिण होते, मधलं काही नसतं. मग तबल्याचा बाया, त्याचा घुमारा गोल राहतो का पसरतो ते बघायचं. आणि दर वेळी आवाजाची पातळी सारखी करून घेतली, फोनवरच्या मीटरने का होईना, कारण जो जरासा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, यात भलेभले फसतात.

आता ईएल८४. माझ्याकडे चार प्रकारचे झाले: स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीचे नवे, सोव्हिएत काळातले ६पी१४पी-ईव्ही, बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स) न वापरलेले जुने, आणि एका मित्राने महिनाभर वापरायला दिलेले इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीचे खरे.

जेजे सगळ्यात सहज मिळतात, जुळवलेली जोडी मिळते, आवाज भरीव आहे, बाया तर मस्तच, गायकाचा आवाज थोडा पुढे येऊन बसतो. वरच्या टोकाला, म्हणजे बारीक सुरांत, जरा हात आखडता वाटला मला, तानपुरा गोड पण थोडा झाकलेला. ज्यांचे स्पीकर वर तिखट आहेत त्यांनी डोळे मिटून हेच घ्यावेत. ६पी१४पी-ईव्ही म्हणजे ईएल८४चाच दणकट सोव्हिएत भाऊ, पिना त्याच, लष्करी आणि औद्योगिक कामासाठी बनवलेला, व्होल्टेज जास्त सहन करतो. आवाज सरळ, स्वच्छ, काही लपवत नाही आणि काही वाढवतही नाही, वाईट रेकॉर्डिंग वाईटच ऐकवतो. एक मात्र आहे, २०२२च्या मार्चमध्ये रशियातून निर्यात थांबली तेव्हा सगळ्याच रशियन व्हॉल्व्हचे भाव चढले, त्यामुळे स्वस्तात मस्त म्हणून ज्यांनी हे सुचवलं होतं त्यांचे जुने सल्ले आता तसेच्या तसे लागू नाहीत.

मुलार्ड चांगलेच आहेत, उगाच नाव झालेलं नाही. सारंगीचा गज तारेवर फिरताना जो एक खसखसीचा पोत असतो तो याच्यावर सगळ्यात नैसर्गिक येतो. पण मग बीईएल लावले आणि मी दोन दिवस परत परत तेच अर्धं मिनिट ऐकत बसलो. जवारी पूर्ण उघडलेली, मधला भाग ऊबदार, बाया मुलार्डपेक्षा किंचित हलका एवढाच फरक, आणि तो मला मुद्दाम शोधावा लागला. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, आपल्या आजोबांच्या घरातल्या किती रेडिओत हेच असायचे, आणि आपणच त्यांना रेडिओतला माल म्हणून बाजूला ठेवतो आणि इंग्लंडच्या नावामागे धावतो. मुलार्डच्या एका जोडीच्या पैशात माझे बीईएलचे चारही आले आणि वर दोन ईसीसी८३ आले.

नावामागे मीही धावलोय, त्याची हकीकत सांगायलाच हवी कारण कुणाचे तरी पैसे वाचतील. एका विक्रेत्याकडून, नाव सांगत नाही, "मुलार्ड, न वापरलेले" म्हणून दोन ईएल८४ घेतले होते. डबा जुना, काचेवर पांढरी झळझळीत अक्षरं. काकांनी हातात घेतले, दिव्याखाली तिरके धरले आणि खालच्या बाजूला काच बघायला लागले. खऱ्या मुलार्डच्या काचेवर तळाशी राखाडी रंगात बारीक कोड उमटवलेला असतो, दोन ओळींचा. खालच्या ओळीत पहिलं अक्षर कारखान्याचं, इंग्रजी बी असेल तर ब्लॅकबर्न, छोटा त्रिकोण असेल तर हॉलंडमधलं हेर्लेन, मग वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिना, मग आठवडा. माझ्या दोन्हींवर कोडचा मागमूस नव्हता आणि दोन्हींच्या आतल्या प्लेटा (धातूचे पत्रे) एकमेकींशी जुळत नव्हत्या, म्हणजे दोन वेगळ्याच कारखान्यांचा माल एका नावाखाली. पैसे परत मिळाले नाहीत. जर्मनीच्या टेलिफंकनच्या नऊ पिनांच्या व्हॉल्व्हचंही तसंच, त्याच्या बुडाला पिनांच्या मधोमध काचेत पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण घडवलेली असते, ती छापलेली नसते त्यामुळे खोटी करणं अवघड. विक्रेत्याकडे डब्याचा फोटो मागू नका, बुडाचा मागा.

गेटर म्हणजे वर काचेला आतून जो चंदेरी आरसा दिसतो तो. तो पांढरा दुधाळ झाला असेल तर आत हवा गेली, व्हॉल्व्ह मेला, कितीही मोठं नाव असू दे. आरसा चांगला दिसला म्हणून व्हॉल्व्ह चांगला असं मात्र नाही, त्यासाठी मीटर.

मीटरचं काम माझ्या अँपमध्ये सोपं आहे कारण प्रत्येक ईएल८४ला कॅथोडला (ज्यातून व्हॉल्व्हचा सगळा करंट जातो ते टोक) स्वतंत्र २७० ओहमचा रेझिस्टर आहे. त्याच्यावर १०.८ व्होल्ट आले म्हणजे ४० मिलिअँपिअर, बरोबर. बीईएलचे चार आले त्यात १०.६, १०.९, १०.७ असे तीन आणि एक चक्क १२.४. म्हणजे ४६ मिलिअँपिअर, प्लेटला २९० व्होल्टच्या आसपास, त्यातला थोडा करंट स्क्रीनचा (प्लेटच्या अलीकडच्या जाळीचा) वजा केला तरी हा एकटा १२ वॉटच्या काठावर बसलेला, आणि ईएल८४ची प्लेटची मर्यादाच १२ वॉट. गंमत म्हणजे आवाज छानच येत होता. पण पुश-पुलमध्ये एक बाजू जास्त ओढायला लागली की ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं चुंबकत्व एकीकडे झुकतं आणि खालचे सूर आधी बिघडतात, म्हणून तो बदलून घेतला. जोडी म्हणजे हे आकडे जवळ असणं, दोन डब्यांचा रंग सारखा असणं नव्हे. (हे मोजताना तीनशे व्होल्ट उघडे असतात हे विसरू नका, अँप बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. ज्यांनी आधी केलेलं नाही त्यांनी जाणकाराकडूनच करून घ्या.)

आणि आपल्याकडची एक खास गोष्ट, लाइनचं व्होल्टेज. माझ्याकडे रात्री अकरानंतर २५० पर्यंत जातं. ट्रान्सफॉर्मर २३०चा असेल तर ६.३ व्होल्टचा हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार) ६.८वर जळायला लागतो, एचटीही (प्लेटचं मोठं व्होल्टेज) त्याच प्रमाणात चढते, आणि मग लोक म्हणतात जुने व्हॉल्व्ह टिकत नाहीत. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (लाइनच्या बाजूच्या गुंडाळीला) २४०चा टॅप, म्हणजे वेगळी जोडणी, असेल तर तो वापरा. मी वापरायला लागल्यापासून आवाजही शांत झाला असं मला वाटतं.

खरं तर ज्यांना थोडेच पैसे घालायचेत त्यांनी आउटपुटचे राहू देत, पहिला ईसीसी८३ बदला. तिथली खरखर पुढचा प्रत्येक टप्पा वाढवत नेतो. मी सात वेगवेगळे लावून बघितले. आवाज अगदी कमी ठेवून पेन्सिलीच्या रबराने काचेला हलकेच टिचकी मारायची. चांगला असेल तर स्पीकरमधून नुसतं टक् येतं आणि संपतं. एका नव्या व्हॉल्व्हने, कंपनीचं नाव घेत नाही, स्टीलची वाटी फरशीवर पडावी तसा टण्ण् आवाज केला आणि तो दोन सेकंद घुमत राहिला. बाया जोरात वाजला की तो स्वतःच गुणगुणायला लागायचा. तोच व्हॉल्व्ह तिसऱ्या जागी, फेज स्प्लिटरला (पुश-पुलच्या दोन बाजूंना उलटसुलट सिग्नल देणारा टप्पा) लावला तर काही तक्रार नाही, अजून तिथेच आहे. म्हणून खराब निघाला की लगेच फेकू नका, जागा बदलून बघा. पहिल्या जागी शेवटी बीईएलचाच राहिला, सगळ्यात शांत तोच निघाला.

ईसीसी८३च्या जागी ईसीसी८२ घालून "आवाज मऊ झाला" म्हणणारे खूप भेटतात. पिना त्याच आहेत म्हणून बसतो, पण ८३चं अँप्लिफिकेशन १०० आणि ८२चं वीसच्याही आत, आणि त्याला करंट कितीतरी जास्त लागतो. सर्किट त्याच्यासाठी बनवलेलं नसतं. मऊ वगैरे काही होत नाही, आवाज कमी होतो आणि फीडबॅकचं (आउटपुटचा थोडा भाग परत मागे देण्याचं) गणित बिघडतं. गेन (आवाजाची वाढ) थोडाच कमी हवा असेल तर ५७५१ आहे, त्याचं ७० आहे, तो बहुतेक ठिकाणी सुखाने चालतो.

पावसाळ्यात खरखर सुरू झाली तर नवे व्हॉल्व्ह मागवायच्या आधी अँप थंड होऊ द्या, व्हॉल्व्ह सरळ वर ओढून काढा, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि सॉकेटची पकड ढिली झालीय का बघा. माझ्याकडे जुलैत डावा चॅनल जात येत होता, मी मनात नव्या जोडीचे पैसे मोजून झालेले, आणि निघाली ती नुसती चौथ्या पिनेवरची काळी पुटं.

सध्या चारही जागी बीईएल आहेत, जेजेची जोडी डब्यात राखीव, आणि मित्राचे मुलार्ड मागच्या रविवारी परत दिले, सोबत आकडे लिहिलेली चिठ्ठी घालून. त्याने घरी जाऊन मोजले आणि रात्री फोन केला, बीईएल कुठून घेतलेस म्हणून.