पार्लमेंट डॉट कॉम : एका प्राध्यापक-खासदाराच्या शोधात केलेले परीक्षण

बँकेच्या फॉरेक्स विभागात असताना पदोन्नतीच्या परीक्षेसाठी जी टिपणे आम्ही एकमेकांना देत असू, त्यांत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रकरणात ‘विटेवेन फॅसिलिटी’ असा एक शब्द होता. तो पाठ केला, उत्तरपत्रिकेत लिहिला आणि विसरून गेलो. विटेवेन हे गाव आहे की माणूस, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. निवृत्तीनंतर रॉटरडॅमला मुलीकडे दोन हिवाळे काढले, वाचण्यापुरती डच भाषा शिकलो आणि एके दिवशी तिथल्या एका जुन्या नियतकालिकात ते नाव पुन्हा दिसले, तेव्हा कळले की हा माणूस याच शहरात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता, नंतर खासदार झाला, अर्थमंत्री झाला आणि शेवटी वॉशिंग्टनला नाणेनिधीच्या प्रमुखपदी गेला. ही माहिती ज्या सेवेच्या आधाराने जुळवली, त्या पार्लमेंट डॉट कॉम (डच स्पेलिंगनुसार parlement.com) या संकेतस्थळाचे हे परीक्षण आहे.

हे संकेतस्थळ नेदरलँड्समधील संसदीय दस्तऐवज केंद्र चालवते. वापर विनामूल्य आहे. १७९६ पासूनचे मंत्री आणि दोन्ही सभागृहांचे सदस्य यांची चरित्रात्मक नोंद त्यावर मिळते, आणि नोंदीची रचना एका ठरावीक साच्यातली आहे: वर थोडक्यात परिचय, खाली जन्ममृत्यू, पक्ष, मुख्य पदे, जोडपदे, शिक्षण. मुख्य पदांच्या यादीत महिना आणि वर्षच नव्हे, तर दिवसही दिलेला असतो. आपल्याकडे एखाद्या माजी आमदाराची नेमकी कारकीर्द शोधताना ज्याने गौरवग्रंथ चाळले आहेत, त्याला या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

माझी पहिली अडचण संकेतस्थळाची नव्हती, ती भाषांतराची होती. डच वाचताना जिथे अडेल तिथे मी मोबाईलवरच्या एका भाषांतर सुविधेचा आधार घेतो. तिने योहान विटेवेन हे १९५८ ते १९६३ या काळात ‘पहिल्या खोलीचे सदस्य’ होते आणि पुढे ‘दुसऱ्या खोलीत’ गेले, असे सांगितले. डच भाषेत ‘कामर’ म्हणजे खोली हे खरेच. पण ‘एर्स्टे कामर’ हे संसदेचे वरिष्ठ सभागृह, म्हणजे सिनेट, आहे आणि ‘ट्वेडे कामर’ हे कनिष्ठ. नोंदी मुख्यतः डच भाषेत असल्यामुळे नवख्या वाचकाने या दोन शब्दांचा अर्थ आधी समजून घ्यावा, नाहीतर एवढी मोठी कारकीर्द एखाद्या चाळीतल्या बिऱ्हाडबदलासारखी वाचली जाते.

आता यादीकडे वळू. विटेवेन यांचा जन्म १२ जून १९२१ चा, डेन डोल्डर या गावचा. शिक्षण रॉटरडॅमच्या अर्थशास्त्र महाविद्यालयात, जिथे पुढे नोबेल मिळवणारे यान टिनबर्गन शिकवत असत. १९४७ मध्ये त्यांनी वेतन आणि रोजगार यांच्या संबंधावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली, काही काळ सरकारच्या मध्यवर्ती नियोजन कार्यालयात काम केले आणि १९४८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते त्याच संस्थेत प्राध्यापक झाले. हे प्राध्यापकपद १९६३ पर्यंत टिकले. म्हणजे सिनेटमधली पाच वर्षे आणि वर्गातली पाच वर्षे एकमेकांवर चढलेली आहेत, आणि ही चूक नव्हे. डच सिनेटचे ७५ सदस्य मुख्यतः प्रांतिक परिषदांकडून निवडले जातात, सभागृह साधारणपणे आठवड्यातून एक दिवस बसते आणि सदस्याने आपला मूळ व्यवसाय चालू ठेवावा हेच तिथे गृहीत असते. मंगळवारी हेगला सभागृहात बसायचे आणि बाकीचे दिवस रॉटरडॅमला विद्यार्थ्यांसमोर उभे राहायचे, हा क्रम त्या व्यवस्थेत मुळीच चमत्कारिक नाही.

संकेतस्थळ हे समजावून सांगते का? थेट नाही. चरित्राच्या पानावर तारखा मिळतात, त्यांच्यामागचा नियम मात्र त्याच संकेतस्थळावरच्या घटना आणि सभागृहे यांविषयीच्या पानांवर जाऊन शोधावा लागतो. सर्वांत मोठे कोडे १९६३ च्या ओळीत आहे. विटेवेन त्या वर्षी कनिष्ठ सभागृहात गेले आणि अवघ्या काही आठवड्यांत त्यांचे सदस्यत्व संपले. भारतीय वाचकाला वाटेल, पराभव झाला किंवा काही भानगड झाली. प्रत्यक्षात २४ जुलै १९६३ रोजी ते पंतप्रधान मारैनेन यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले, आणि डच घटनेनुसार मंत्र्याला संसदेचे सदस्य राहता येत नाही. आपल्याकडे मंत्र्याने सहा महिन्यांत सभागृहात यावे लागते. तिथे मंत्री झालेल्याने सभागृह सोडावे लागते. ज्याच्या कामावर लक्ष ठेवायचे तोच आपल्या बाकावर बसलेला नको, असा त्यामागचा विचार आहे. हा उलटा नियम एकदा ध्यानात आला की यादीतल्या सगळ्या तुटक ओळी जुळून येतात: १९६५ मध्ये मंत्रिमंडळ गेले, ते खासदार झाले; एप्रिल १९६७ मध्ये पुन्हा मंत्री झाले, खासदारकी संपली; १९७१ मध्ये मंत्रिपद गेले, ते पुन्हा सिनेटमध्ये आले.

या कारकिर्दीत मला सर्वांत वाचनीय वाटला तो १९६५ ते १९६७ हा विरोधी बाकांवरचा काळ. काल्स मंत्रिमंडळात अर्थखाते मजूर पक्षाच्या आनं फोंडेलिंग यांच्याकडे होते, आणि समोर व्हीव्हीडी या उदारमतवादी पक्षाच्या बाजूने कालपरवापर्यंत तेच खाते सांभाळलेला प्राध्यापक बसला होता. १३ ऑक्टोबर १९६६ च्या अर्थसंकल्पीय चर्चेत, मध्यरात्र उलटल्यावर, सरकारमधल्याच कॅथलिक पक्षाचे नेते नॉर्बर्ट श्मेल्त्सर यांनी खर्चाच्या तरतुदीवर असमाधान व्यक्त करणारा ठराव मांडला आणि सरकार पडले. डच राजकारणात आजही ‘श्मेल्त्सरची रात्र’ एवढे म्हटले की पुरते. त्या घटनेवर या संकेतस्थळाने स्वतंत्र टिपण दिले आहे, आणि चरित्राच्या पानावरून तिथे आणि तिथून परत असे जाता येते. कपाटाचे कप्पे असे आतून जोडलेले असणे हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे.

त्यानंतर द योंग मंत्रिमंडळात विटेवेन अर्थमंत्री आणि उपपंतप्रधान होते. १ जानेवारी १९६९ रोजी नेदरलँड्समध्ये व्हॅट लागू झाला, जो शब्द महाराष्ट्रातल्या दुकानदारांच्या पावत्यांवर २००५ मध्ये आला. त्याआधीचा उलाढाल कर टप्प्याटप्प्यावर साचत जाई. नव्या करात नेहमीचा दर १२ टक्के आणि गरजेच्या वस्तूंसाठी ४ टक्के ठेवला गेला. सैद्धांतिकदृष्ट्या चोख असलेल्या या बदलाचा फायदा घेऊन अनेकांनी किमती वरच्या दिशेने गोल केल्या, महागाई भडकली आणि एप्रिल १९६९ मध्ये सरकारला किमती गोठवण्याचा हुकूम काढावा लागला. फळ्यावर सुटलेले समीकरण दुकानाच्या गल्ल्यावर कसे वागते, याचा इतका रोकडा धडा फार थोड्या प्राध्यापकांच्या वाट्याला आला असेल.

हा तपशील मला जुन्या वृत्तपत्रांच्या एका डिजिटल संग्रहात पडताळून पाहायचा होता. तिथे मात्र निराशा झाली, कारण छापील स्तंभात आडनाव ओळीच्या शेवटी तुटून ‘विटे’ वर आणि ‘वेन’ खाली गेले की यंत्राला तो माणूस सापडत नाही. त्या तुलनेत पार्लमेंट डॉट कॉमवरचे नाव हाताने नोंदवलेले असल्यामुळे शोध पहिल्याच खेपेला लागतो.

नाणेनिधीच्या पाच वर्षांबाबत मात्र या सेवेवर फार विसंबू नये. तिचा विषय संसद आहे, त्यामुळे १ सप्टेंबर १९७३ ते जून १९७८ हा काळ तिच्या हिशेबात मुख्यतः एक पद आहे. खरे तर तिथेच या माणसाची कसोटी लागली. ते रुजू होऊन दोन महिने होत नाहीत तोच अरब देशांनी तेलपुरवठा आवळला, आणि ज्या देशांवर बंदी घातली त्यांत नेदरलँड्सही होते. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्या मायदेशात रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला मनाई होती. तेलाचा जाहीर दर पिंपामागे ३ डॉलरच्या आसपास होता, तो जानेवारी १९७४ मध्ये ११.६५ डॉलर झाला. त्याच महिन्यात रोमच्या बैठकीत विटेवेन यांनी सुचवले की तेल विकणाऱ्या देशांकडे साचलेला पैसा नाणेनिधीने साधारण बाजारदराच्या जवळपास व्याजाने उसना घ्यावा आणि तेल विकत घेताना कोलमडणाऱ्या देशांना द्यावा. म्हणजे ज्यांनी आपल्या देशाचे तेल तोडले होते, त्यांच्याच दारी पैसे मागायला जायचे होते. १९७४ आणि १९७५ च्या या तेल सुविधेतून ५५ देशांना मिळून ६९० कोटी एसडीआर, म्हणजे नाणेनिधीच्या हिशेबी एककातली रक्कम, मिळाली. भारत त्या ५५ देशांत होता. ब्रिटनने १९७६ मध्ये मागितलेले आणि जानेवारी १९७७ मध्ये मंजूर झालेले ३९० कोटी डॉलरचे कर्ज हे तोवरचे सर्वांत मोठे ठरले.

आणि आमच्या टिपणातली ती फॅसिलिटी? तिचे अधिकृत नाव ‘पूरक वित्तपुरवठा सुविधा’ असे होते. वाटाघाटी १९७७ मध्ये झाल्या, प्रत्यक्ष कामकाज सुरू झाले १९७९ मध्ये, तेव्हा विटेवेन पदावर नव्हते. परीक्षेत दोन गुण मला याच्यामुळे मिळाले होते, म्हणून हे इथे नोंदवतो.

पदांच्या यादीतून ज्याचा अंदाज येत नाही असा आणखी एक धागा आहे आणि तो आपल्याकडे येतो. विटेवेन आईवडिलांप्रमाणे आयुष्यभर सूफी चळवळीत होते आणि तिच्या नेतृत्वातही होते. ही चळवळ पाश्चात्त्य देशांत नेली ती हजरत इनायत खान यांनी, ज्यांचा जन्म ५ जुलै १८८२ रोजी बडोद्यात झाला. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली, आणि तिचेच रूप आज तिथल्या विद्यापीठाच्या संगीत-नाट्य विद्याशाखेत आहे. बडोद्याच्या मराठी दरबारातल्या सुरांचा वारसा नेदरलँड्समधल्या काटवाइकच्या वाळूच्या टेकड्यांवरील सूफी मंदिरापर्यंत आणि एका डच अर्थमंत्र्याच्या रोजच्या ध्यानापर्यंत पोहोचला, हे मला पदांच्या कोणत्याही यादीइतकेच महत्त्वाचे वाटते. कर्ज मागणाऱ्या देशांना खर्च कापायला सांगणारा माणूस पहाटे काय ऐकत होता, यासाठी साच्यात रकाना नाही.

तरीही ही सेवा मी पाचपैकी चार तारे देऊन सुचवेन. एक तारा कापला तो कारणे न देता तारखा देण्याच्या सवयीसाठी. मात्र ज्याला कारणे शोधायची आहेत त्याला अचूक तारखांहून चांगली सुरुवात नाही, हेही खरे. डच येत नसेल तर भाषांतर सुविधा वापरा, फक्त खोल्यांच्या बाबतीत सावध राहा.

शेवटी नातेवाइकांच्या दुव्यांविषयी. योहान विटेवेन यांचे आईच्या बाजूचे आजोबा फ्लोर विबाउत यांचे पान जरूर उघडा: अ‍ॅमस्टरडॅममध्ये कामगारांसाठी घरे उभारणारा समाजवादी नगरप्रशासक, ज्याचा नातू उदारमतवाद्यांचा अर्थमंत्री झाला. मग योहान यांच्या मुलाचे पान उघडा. विलेम विटेवेन हेही प्राध्यापक, पण कायद्याचे, टिलबर्ग विद्यापीठात. तेही सिनेटर, पण पणजोबांच्या वळणावर जाऊन मजूर पक्षाचे. १९९९ ते २००७ हा त्यांचा पहिला काळ. दुसरा २०१३ मध्ये सुरू होतो आणि १७ जुलै २०१४ ला संपतो, कारण त्या दिवशी युक्रेनवर पाडल्या गेलेल्या एमएच-१७ या विमानात ते पत्नी आणि मुलीसह होते. योहान विटेवेन त्या वेळी ९३ वर्षांचे होते. त्यांच्या स्वतःच्या पानावरची शेवटची तारीख २३ एप्रिल २०१९ ही आहे.