‘आजच मासे सोडा’ म्हणणाऱ्याकडून फिल्टरचं किट घेऊ नका

आमच्याकडे तीन फुटी फिशटँक आहे. ३६ बाय १५ बाय १८ इंच, म्हणजे काठोकाठ भरला तर १६० लिटरच्या आसपास पाणी. त्यात चार ऑरंडा गोल्डफिश होते. माझे सासरे, अप्पा, बायपासनंतर घरी आले तेव्हा त्यांचा दिवस जावा म्हणून आणलेले. तीन वर्षं सांभाळलेले मासे. त्यातले तीन जुलैमध्ये पाच दिवसांत गेले. ते कसे गेले ते सविस्तर लिहिते आहे, कारण ज्या माणसानं आम्हाला फसवलं त्याचा धंदा अजून चालू आहे.

गोल्डफिश खूप घाण करतात. मासे वाढले तसा आमचा हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर कमी पडायला लागला, म्हणून बादलीचा फिल्टर घरीच करायचं ठरवलं. रचना अवघड नाही. टँकच्या वरच्या रॅकवर २० लिटरची बादली ठेवायची. पंपानं पाणी तिच्यात चढवायचं. तिथे ते आधी प्लास्टिकच्या घासण्यांतून, मग स्पंजातून, मग सिरॅमिक रिंगांमधून जातं आणि जाड पाइपनं आपोआप टँकमध्ये परत येतं. परतीचा पाइप चढणीच्या पाइपापेक्षा जाड हवाच, नाहीतर बादली भरून घरभर पाणी होतं. रंगाची जुनी बादली कितीही घासली तरी घेऊ नका, नवी घ्या. बादली, पीव्हीसी पाइप, बादलीला पाइप जोडायचं टँक निपल, टेफ्लॉन टेप हे सगळं मी धायरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलं. राहिला पंप आणि आतला माल.

तो मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओतून मिळाला. माणूस मुंबईचा असल्याचं सांगायचा, आवाज अगदी घरच्यासारखा. ‘ताई, तुम्ही काही शोधत बसू नका, मी पूर्ण किट पाठवतो.’ ताशी ३००० लिटरचा पंप, दोन किलो ‘जपानी बायोस्टोन’, एक किलो ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाण्यातला रंग शोषणारा खास कोळसा, आणि बॅक्टेरिया कल्चरची, म्हणजे जिवाणूंच्या द्रावणाची, बाटली, सगळं मिळून ४८०० रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, ‘बिल घेतलं तर वर १८ टक्के लागतील ताई, कशाला उगाच?’ पैसे आधी मागितले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर भलत्याच कुणाचं नाव आलं, तर तो भाचा असल्याचं सांगितलं. मी पैसे पाठवले.

किट आलं त्या शनिवारी त्यानं स्वतःहून फोन केला. त्या फोनवर त्यानं जे सांगितलं, त्यानंच आमचे मासे मारले. ‘जुना स्पंज फेकून द्या, त्यात सगळे रोग साठलेले असतात. माझं कल्चर ओता आणि आजच मासे सोडा.’

इथे थोडं थांबून सांगते, कारण फसवणुकीचं मर्म यात आहे. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात आणि अमोनिया त्यांना विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू स्पंजाला, दगडांना, रिंगांना चिकटून राहतात. खरा फिल्टर म्हणजे तेच. बादली आणि पंप नुसतं त्यांचं घर. नव्या फिल्टरमध्ये ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या काळपट, बुळबुळीत स्पंजात ते तीन वर्षं वाढलेले होते. तो स्पंज मी माझ्या हातानं कचऱ्याच्या पिशवीत टाकला.

सोमवारी सकाळी अप्पांनी हाक मारली. चारही मासे पृष्ठभागाशी तोंड वर काढून हवा घेत होते. लाल टोपीवाला, अप्पांचा सगळ्यात लाडका, काचेला टेकून एका कुशीवर आला होता. त्याच्या कल्ल्यांच्या कडा रक्तासारख्या लाल झालेल्या. मी त्या माणसाला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ‘ताई, ॲडजस्ट होतायत, कल्चर अजून अर्धी बाटली टाका.’ मी टाकलं. मंगळवारी लाल टोपीवाला गेला. गुरुवारपर्यंत आणखी दोन गेले.

बुधवारी मी जवळच्या मत्स्यालयाच्या दुकानातून अमोनिया मोजायचं थेंबांचं किट आणलं होतं. नळीतला रंग पिवळा राहायला हवा होता, तो गडद हिरवा झाला. पीएचही, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्कलीकडे ते दाखवणारा आकडा, मोजला. खडकवासल्याचं आमचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, एरवी पीएच ७.२ च्या आसपास असतो. तो ८.२ झाला होता. दुकानदार काका म्हणाले, ‘दगड कुठले टाकलेत? त्याच्यावर व्हिनेगर टाकून बघा.’ घरी येऊन बादलीतला एक बायोस्टोन बशीत ठेवला, चमचाभर व्हिनेगर ओतलं. दगडावर बारीक बुडबुडे फुटायला लागले, बशीत फेस आला. जपानी वगैरे काही नाही, ते संगमरवराचे तुकडे होते, फरशीच्या कामात उरलेल्या कपच्या असतात तसे. असा दगड पाण्याचा पीएच वर नेतो. आणि पीएच एकानं वाढला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. म्हणजे जिवाणू आधीच फेकले गेले होते, त्यावर या दगडांनी उरलेलं विष धारदार केलं.

मग एकेक वस्तू तपासत गेले. पंपाच्या वेष्टनावर ४५ वॅट आणि ताशी ३००० लिटर छापलं होतं. पाण्याच्या पातळीलाच त्याचं तोंड धरून दहा लिटरची बादली भरायला लावली. ताशी ३००० लिटर असेल तर ती १२ सेकंदांत भरायला हवी, ४५ सेकंद लागले. म्हणजे ताशी ८००. वर चढवलं की त्याहून कमी, कारण प्रत्येक फुटाच्या चढणीला पंपाची धार घटते, आणि वेष्टनावरचा आकडा शून्य चढणीचा असतो हे चांगल्या पंपाबद्दलही खरं आहे. वॅटसाठी घरातलं बाकी सगळं बंद करून विजेच्या मीटरचा लाल दिवा मोजला. आमच्या मीटरवर ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, असं छापलेलं आहे. ४५ वॅटचा पंप असता तर अर्ध्या तासात दिवा ७२ वेळा लागला असता. तो २० वेळा लागला. म्हणजे पंप साडेबारा वॅटचा.

कार्बनची परीक्षा सोपी आहे. माशांच्या औषधातला मिथिलीन ब्लूचा एक थेंब ग्लासभर पाण्यात टाकायचा आणि त्यात मूठभर धुतलेला कार्बन. खरा ॲक्टिव्हेटेड कार्बन काही तासांत निळा रंग ओढून घेतो. आमचा ग्लास दुसऱ्या दिवशीही तसाच निळा होता. तो शेगडीचा कोळसा होता, चाळून बारीक केलेला. कल्चरच्या बाटलीवर बॅच नंबर नाही, मुदत नाही, उत्पादकाचं नाव नाही. पाकीटबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष हवंच असा कायदा आहे. माल हातात आल्याबरोबर मी बाटली नुसती उलटी करून बघितली असती तरी हे दिसलं असतं.

त्याला हे सगळं कळवलं. आधी म्हणाला पाणी तुमचंच खराब, मग म्हणाला मासे आजारीच होते, मग नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तक्रार नोंदली गेली, पण बिल नसल्यामुळे आता फक्त चॅट, पैसे गेल्याची नोंद आणि पार्सलचं लेबल यावर सगळं अवलंबून आहे. हे तिन्ही मी जपून ठेवलंय. असं कुणाचं झालं असेल तर चॅट रागानं पुसून टाकू नका. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. मी जाणार आहे. प्रश्न ४८०० रुपयांचा राहिलेला नाही. अप्पा त्या आठवड्यात दोन वेळा जेवले नाहीत.

चौथा मासा वाचला. दुकानदार काकांनी त्यांच्या चालू टँकमधला अर्धा स्पंज कापून ओल्या पिशवीत दिला, पैसे घेतले नाहीत. घरी पोचेपर्यंत तो सुकू द्यायचा नाही आणि नळाच्या पाण्याखाली धरायचा नाही, क्लोरीननं जिवाणू मरतात, एवढं बजावून सांगितलं. तो स्पंज बादलीत ठेवला, दगड काढून टाकले, खाणं निम्म्यावर आणलं आणि रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं, क्लोरीन काढलेलं. पंधरा दिवसांनी नळीतला रंग पिवळा आला. नळी उजेडात धरून मी अप्पांना दाखवली.

त्या माणसाचा व्हिडिओ मागच्या आठवड्यात माझ्या बहिणीच्या मोबाइलवर आला, नंबर वेगळा. पांढरी बादली, निळं झाकण, काळ्या कागदावर मांडलेले पांढरेशुभ्र दगड, आणि शेवटी तेच वाक्य : ‘आज लावा, आजच मासे सोडा.’ तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका, आणि तुमचा जुना स्पंज कितीही घाण दिसला तरी फेकू नका.